डी१२४९२ : निळ्या गोळ्यांचं परीक्षण, उंदराच्या जनुकांसकट

उंदरांमधला लठ्ठपणा, इन्सुलिन-रोध किंवा यकृतातली चरबी अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये निळ्या गोळ्यांचं पाकीट हमखास सापडतं. न्यू जर्सीतल्या रिसर्च डाएट्स या कंपनीचं हे डी१२४९२. एकूण उष्मांकांपैकी ६० टक्के चरबीतून, २० टक्के प्रथिनांतून आणि २० टक्के कर्बोदकांतून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हे सूत्र जवळपास जसंच्या तसं आहे. नुसतं ‘हाय फॅट डाएट’ एवढंच लिहून सोडलेल्या पुष्कळ शोधनिबंधांत प्रत्यक्षात हेच खाद्य वापरलेलं असतं.

घेण्याजोगं आहे का? निःसंशय आहे. पण जनुकात बदल झालेला उंदीर चरबीच्या आहाराला वेगळा प्रतिसाद देतो, असं ठामपणे म्हणायचं असेल तर आणखी दोन निवडी तितक्याच काळजीने कराव्या लागतात. शेजारच्या पिंजऱ्यात काय खायला घातलं, आणि पिंजऱ्यातला उंदीर नेमक्या कुठल्या वंशाचा आहे. प्रयोग फसतात ते बहुतेक या दोन ठिकाणी. गोळ्यांत खोट क्वचितच असते.

आधी पाकिटात काय आहे ते पाहू. सूत्राचा एक घाणा ७७३.८५ ग्रॅमचा, आणि त्यात ४०५७ किलोकॅलरी. त्यात केसिन (दुधातलं प्रथिन) २०० ग्रॅम, सिस्टीन ३ ग्रॅम, डुकराची चरबी म्हणजे लार्ड २४५ ग्रॅम, सोयाबीन तेल २५ ग्रॅम, माल्टोडेक्स्ट्रिन १२५ ग्रॅम, साखर ७० ग्रॅमच्या आसपास आणि सेल्युलोज ५० ग्रॅम. उरलेल्यात क्षार, जीवनसत्त्वं, कोलीन आणि ०.०५ ग्रॅम निळा रंग. मक्याचा स्टार्च यात अजिबात नाही. वजनाने पाहिलं तर गोळीचा ३५ टक्के भाग चरबी आहे, आणि एका ग्रॅममधून ५.२४ किलोकॅलरी मिळतात.

घाण्याचं वजन असं तुटक का, हे समजून घेतलं की या खाद्याचा खरा गुण कळतो. कंपनी या मालिकेतली सगळी खाद्यं सारख्याच उष्मांकांच्या हिशेबाने बनवते. चरबी वाढली की स्टार्च कमी होतो, एकूण वजन घटतं, पण केसिन, क्षार आणि जीवनसत्त्वं ग्रॅममध्ये तेवढीच राहतात. चरबीचं खाद्य खाणारा उंदीर वजनाने कमी खातो. तरीही प्रत्येक किलोकॅलरीमागे त्याला कंट्रोल (तुलनेसाठी कमी चरबीच्या खाद्यावर ठेवलेल्या) उंदराइतकंच प्रथिन आणि तितकीच जीवनसत्त्वं मिळतात. दोन गटांत फरक राहतो तो चरबी आणि कर्बोदकं यांच्या अदलाबदलीचा.

हे घरगुती मिश्रणात साधत नाही. नेहमीच्या धान्याच्या खाद्यात, म्हणजे चाऊमध्ये, लार्ड कालवून ‘६० टक्के’ गाठता येतं, पण त्याची किंमत काय ते आकडे मांडून पाहा. ३ किलोकॅलरी प्रतिग्रॅम, २० टक्के प्रथिन आणि ४ टक्के चरबी असलेलं ७० ग्रॅम चाऊ घ्या, त्यात ३० ग्रॅम लार्ड घाला. एकूण ४८० किलोकॅलरी होतात, त्यातल्या २९५ चरबीच्या, म्हणजे ६१ टक्के. मात्र प्रथिनातून येणारे उष्मांक २७ टक्क्यांवरून थेट १२ टक्क्यांच्याही खाली येतात. क्षार, जीवनसत्त्वं आणि तंतूही त्याच प्रमाणात पातळ होतात. असा उंदीर जाड झाला, तर चरबीमुळे झाला की प्रथिन कमी पडल्यामुळे जास्त खात गेला, हे सांगायला मार्ग उरत नाही. आणि तुमचं जनुक भुकेशी किंवा अमिनो आम्लांच्या चयापचयाशी जोडलेलं असेल, तर निकाल पूर्णच उलटा लागू शकतो.

आपल्याकडे औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत वनस्पती तूप आणि खोबरेल तेल ३:१ किंवा २:१ प्रमाणात मिसळून तोंडावाटे द्यायची पद्धत रूढ आहे. स्वस्त आहे, हाताशी आहे, म्हणून ती टिकली. पण वनस्पती तुपाची घडणच मध्यंतरी बदलली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. त्याआधीच्या निबंधातली ‘वनस्पती’ आणि आज दुकानातून आणलेली ‘वनस्पती’ ही दोन वेगळी खाद्यं आहेत. जुन्या निकालांशी तुलना करताना हे लक्षात घेतलेलं फार क्वचित दिसतं. औषधाची प्राथमिक चाचणी असेल तर ही पद्धत चालवून घेता येईल. जनुकाचा परिणाम मोजायचा असेल तर नको.

आता कंट्रोल. या परीक्षणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: डी१२४९२ च्या जोडीला डी१२४५०जे मागवा. नुसतं ‘डी१२४५०’ लिहून ऑर्डर पाठवू नका, कारण त्या आकड्यापुढचं अक्षरच सगळं ठरवतं. बी, एच आणि जे या तिन्हींमध्ये चरबी १० टक्केच आहे, फरक साखरेत आहे. बी मध्ये घाण्यामागे ३५० ग्रॅम साखर, म्हणजे उष्मांकांच्या तब्बल ३५ टक्के. जे मध्ये साखर डी१२४९२ इतकीच, ७ टक्के. एच मध्ये १७ टक्के, आणि तो ४५ टक्के चरबीच्या डी१२४५१ चा जोडीदार आहे.

बी वापरलं तर काय होतं? साखरेतल्या फ्रुक्टोजमुळे यकृत स्वतःच चरबी बनवू लागतं. कंट्रोल उंदराचं यकृतही थोडं मेदाळ होतं, ट्रायग्लिसराइड वाढतात, आणि दोन गटांतलं अंतर कमी दिसतं. यकृतात मेद तयार करणाऱ्या वाटेवरचं एखादं जनुक काढून टाकलेलं असेल तर गुंता आणखी वाढतो. त्या जनुकाचा परिणाम कंट्रोल गटातच उमटतो आणि ‘आहाराचा फरक पडत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. जुन्या निबंधांत बी मुबलक वापरलेलं आहे. ते वाचताना तेवढी सवलत द्यावी, नवा प्रयोग मात्र त्यावर उभारू नये.

चाऊ हा कंट्रोलच नव्हे. गहू, मका, सोयाबीन पेंड, लसूणघास यांपासून बनलेल्या चाऊमध्ये आतड्यातल्या जिवाणूंना पोसणारे तंतू असतात, सोयाबीनमधले इस्ट्रोजेनसारखे घटक असतात, आणि हंगामानुसार या सगळ्यांचं प्रमाण हलतं. शुद्धीकृत खाद्यात, म्हणजे डी१२४९२ सारख्या वेगळे काढलेले घटक मिसळून बनवलेल्या खाद्यात, तंतू म्हणून फक्त सेल्युलोज, तेही जवळपास न आंबणारं. त्यामुळे १० टक्के चरबीचं शुद्धीकृत खाद्य दिलं तरी उंदराचं अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आक्रसतं आणि जिवाणूंची वस्ती पालटते. चाऊ विरुद्ध डी१२४९२ अशी तुलना केली की हे सगळं ‘चरबीचा परिणाम’ म्हणून खपून जातं. वॉर्डन आणि फिसलर यांनी २००८ मध्ये नावाजलेल्या नियतकालिकांतल्या निबंधांवरून हा दोष स्पष्ट दाखवला होता. तरीही तो आजही सर्रास आढळतो, आणि त्याचं वाईट वाटतं, कारण योग्य कंट्रोल त्याच कंपनीच्या त्याच यादीत पुढच्या ओळीवर असतं. शक्य असेल तर सगळ्याच उंदरांना आधी एक-दोन आठवडे डी१२४५०जे वर ठेवा आणि मग गट पाडा. चाऊवरून शुद्धीकृत खाद्यावर येण्याचा धक्का मग दोन्ही गटांना सारखाच बसतो.

आता उंदराकडे वळू.

या खाद्याची ख्याती ज्या उंदरावर उभी आहे तो म्हणजे काळा सी५७बीएल/६जे. सरविट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं की चरबी आणि साखरेच्या आहारावर हा उंदीर लठ्ठ होतो, त्याची रक्तशर्करा आणि इन्सुलिन वाढतं, तर ए/जे वंशाचा उंदीर त्याच आहारावर बऱ्यापैकी तग धरतो. डी१२४९२ वर सहा आठवड्यांच्या वयापासून ठेवलेला ६जे नर १२ ते १६ आठवड्यांत ४५ ग्रॅमच्या आसपास जातो. जे खाद्यावरचा त्याचा भाऊ ३० ग्रॅमच्या घरात असतो. मादी हळू वाढते आणि कमी वाढते. म्हणून केवळ नर वापरायची सवय पडली आहे, पण जनुकाचा परिणाम लिंगानुसार बदलतो हे इतक्या ठिकाणी दिसलंय की दोन्ही घेणंच योग्य.

वंशावर किती अवलंबून असतं? लॉस एंजेलिसमध्ये लुसिस यांच्या गटाने शंभराहून अधिक शुद्ध वंशांना आठ आठवडे चरबी आणि साखरेचा आहार दिला. २०१३ मध्ये आलेल्या त्या कामात शरीरातल्या मेदाच्या टक्केवारीतली वाढ काही वंशांत जवळजवळ शून्य, तर काहींत ६०० टक्क्यांहून जास्त होती. खाद्य एकच, फरक जनुकांचा. तेव्हा ‘डी१२४९२ उंदराला लठ्ठ करतं’ हे विधान अर्धवट आहे. सोबत वंशाचं नाव हवंच.

आणि नावातलं शेवटचं अक्षरही हवं. ६जे आणि ६एन हे १९५१ मध्ये वेगळे झाले, जेव्हा जॅक्सन लॅबोरेटरीतून हे उंदीर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे गेले. त्यानंतर जॅक्सनच्या वसाहतीत एनएनटी या जनुकाचा तुकडा, एक्सॉन (प्रथिनाचा मजकूर असलेले भाग) ७ ते ११, गळून गेला. हे जनुक तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) एनएडीपीएच हा पेशीला लागणारा रेणू तयार करायला मदत करतं, आणि ते नसल्याने ६जे च्या बीटा पेशी ग्लुकोज मिळाल्यावर इन्सुलिन कमी सोडतात. २००५ च्या सुमारास हे उघड झालं, तोवर ६जे वर शेकडो निबंध होऊन गेले होते. ६एन मध्ये एनएनटी शाबूत आहे, पण त्याच्यात सीआरबी१ जनुकाचं आरडी८ उत्परिवर्तन आहे आणि त्याने डोळ्याचा पडदा बिघडतो. म्हणजे निर्दोष असा कुठलाच नाही. वजनवाढीत ६जे पुढे की ६एन, यावर प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. ग्लुकोज सहन करण्याच्या चाचणीतला फरक मात्र वारंवार दिसतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे. आंतरराष्ट्रीय नॉकआउट (म्हणजे एखादं जनुक निकामी केलेल्या उंदरांच्या) प्रकल्पातले बहुतेक उंदीर ६एन च्या मूलपेशींपासून बनलेले आहेत. चार्ल्स रिव्हर आणि टॅकॉनिक या उंदीर विकणाऱ्या कंपन्यांचे मूळ काळे उंदीरही ६एनच. प्रयोगशाळेतल्या क्री वाहिन्या (ठरावीक पेशींतच जनुक कापणारं क्री विकर असलेले उंदीर) मात्र बहुधा ६जे वर असतात. दोन्हींचा संकर केला की तुमच्या जनुकासोबत एनएनटीही पिलांत वाटलं जातं, कुणाला दोन शाबूत प्रती, कुणाला एक, कुणाला एकही नाही. मग डी१२४९२ वर बारा आठवड्यांनी ग्लुकोजच्या चाचणीत जो फरक दिसतो तो कुणाचा? एनएनटी १३ व्या गुणसूत्रावर आहे. तुमचं जनुक त्याच गुणसूत्रावर जवळ असेल तर दोन्ही हातात हात घालून पुढे जातात आणि सांख्यिकीने ते वेगळे करता येत नाहीत. उपाय साधा आहे: शेपटीच्या त्याच डीएनएवर तीन प्रायमरची एनएनटीची पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा आहे का ते दाखवणारी चाचणी) लावा. ज्या दिवशी तुमच्या जनुकाचं जेल लावता त्याच दिवशी शेजारच्या खाचांत हेही नमुने घाला. जोडीसाठी ठेवायचे उंदीर निवडताना दोन्ही निकाल समोर ठेवा, आणि एनएनटीची एकच अवस्था सगळ्या वसाहतीत पक्की करून मगच प्रयोगाची पिलं काढा. बाहेरून विकत आणलेले ‘सी५७बीएल/६’ कंट्रोल म्हणून वापरण्याचा मोह टाळा. कंट्रोल सख्ख्या भावंडांतूनच घ्यावेत. त्याने एनएनटीचा प्रश्न निम्मा सुटतो, आणि जिवाणूंचाही, कारण जॅक्सन आणि टॅकॉनिकच्या उंदरांच्या आतड्यातल्या वस्त्या सारख्या नसतात हे २००९ पासून नीट माहीत आहे.

जुने नॉकआउट १२९ वंशाच्या मूलपेशींतून आलेले आहेत. दहा पिढ्या काळ्या उंदराशी संकर करूनही तुमच्या जनुकाच्या दोन्ही बाजूंचा गुणसूत्राचा पट्टा १२९ चाच राहतो, आणि १२९ हा चरबीच्या आहाराला काळ्या उंदराइतका बळी पडत नाही. ‘नॉकआउट लठ्ठ होत नाही’ असा निकाल आला की पहिली शंका या शेजारच्या पट्ट्यावर घ्यावी.

क्री वाहिन्यांचं स्वतःचं वजन असतं. नेस्टिन-क्री असलेले उंदीर फ्लॉक्स जनुक (क्रीने कापावं म्हणून खुणा घातलेलं जनुक) नसतानाही अंगाने लहान राहतात. बीटा पेशींसाठी पूर्वी सर्रास वापरलेली आरआयपी-क्री एकटीच ग्लुकोजची सहनशीलता बिघडवू शकते. मेदपेशींसाठीची जुनी एपी२-क्री मेदाबाहेरही चालते, अॅडिपोक्यू-क्री त्याहून बरीच नेमकी. म्हणून ‘फ्लॉक्स आहे, क्री नाही’ एवढाच कंट्रोल पुरत नाही. ‘क्री आहे, फ्लॉक्स नाही’ असा गटही डी१२४९२ वर ठेवावा लागतो. पिंजरे वाढतात, खाद्य वाढतं, पण यावर काटकसर करू नये.

काही प्रसिद्ध जनुकांवर हे खाद्य कसं वागतं ते पाहिलं की त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात. लेप्टिन हे भूक आवरणारं संप्रेरक नसलेला ओबी/ओबी उंदीर, जो १९४९ मध्ये जॅक्सन लॅबोरेटरीत आपोआप सापडला, साध्या खाद्यावरच प्रचंड लठ्ठ होतो. त्याला डी१२४९२ देऊन नवं फारसं काही कळत नाही. तिथे वंशाची पार्श्वभूमी जास्त बोलते: तेच उत्परिवर्तन सी५७बीएल/६जे वर असेल तर रक्तशर्करा काही काळ वाढून खाली येते, सी५७बीएल/केएस वर असेल तर बीटा पेशी थकतात आणि उघड मधुमेह होतो. कोलमन आणि हमेल यांनी हे सत्तरच्या दशकातच दाखवलं.

एमसी४आर हे मेंदूतलं भूक आवरणारं जनुक नसलेल्या उंदरावर मात्र चरबीचं खाद्य उत्तम काम करतं. साधा उंदीर नव्या चविष्ट गोळ्यांवर पहिले काही दिवस तुटून पडतो, मग ग्रॅम कमी करून उष्मांक आवरतो. एमसी४आर नसलेल्याला हे आवरणं जमत नाही, आणि खाण्यासोबत वाढायला हवा तो ऊर्जेचा खर्चही वाढत नाही. हा फरक पहिल्या आठवड्यातच दिसतो, म्हणून रोजचं खाणं तेव्हाच मोजायला हवं. बाराव्या आठवड्यात फक्त लठ्ठ उंदीर दिसेल, कारण दिसणार नाही. हे उंदीर साध्या खाद्यावरही लठ्ठ होत जातात, तेव्हा वजनं वेगळी व्हायच्या आधी प्रयोग सुरू करा.

डीजीएटी१ हे मेद बनवणारं विकर नसलेले उंदीर चरबीच्या आहारावरही सडपातळ राहतात, हे २००० पासून माहीत आहे. सूत्राच्या दृष्टीने हा अगदी स्वच्छ निकाल आहे. पैदाशीतली अडचण अशी की या माद्यांना दूध येत नाही. माद्या हेटेरोझायगस (एक शाबूत प्रत असलेल्या) ठेवूनच जोड्या लावाव्या लागतात.

यूसीपी१ ची कहाणी तर खाद्य विकत घेण्याआधी खोलीचा तापमापक बघायला लावते. तपकिरी मेदातलं हे जनुक काढलं तर उंदीर लठ्ठ होईल असं सगळ्यांना वाटत होतं. १९९७ मध्ये नॉकआउट आला, तो थंडीत गारठला, पण लठ्ठ झाला नाही. २००९ मध्ये फेल्डमान आणि सहकाऱ्यांनी तेच उंदीर ३० अंशांच्या आसपास ठेवले आणि लठ्ठपणा दिसला. २२ अंश आपल्याला आल्हाददायक, उंदराला ती थंडी. तो सतत ऊर्जा जाळून अंग गरम ठेवत असतो, आणि त्या खर्चाखाली जनुकाचा परिणाम दबून जातो. ऊर्जेच्या खर्चाशी संबंधित कुठलंही जनुक असेल तर निदान एक गट २९-३० अंशांना ठेवल्याशिवाय ‘फरक नाही’ असं लिहू नये.

आता रोजच्या वापरातल्या गोष्टी. गोळी मऊ असते. बोटांत धरून हलकं दाबलं तरी कड तुटते आणि हातमोज्याला निळसर तुपकट थर बसतो. उंदीर ती कुरतडताना निम्मा भुगा जाळीतून खाली पाडतो, म्हणून हॉपरचं (खाद्य ठेवायच्या जाळीच्या टोपलीचं) वजन करून काढलेलं ‘खाणं’ नेहमी फुगलेलं येतं. मोजणीच्या आठवड्यात तूस (पिंजऱ्यातलं अंथरूण) कमी घाला, निळे तुकडे चिमट्याने वेचा, वजन करा आणि वजा करा. निळा रंग इथे खरोखर कामाला येतो. डी१२४५०जे चा रंग वेगळा असल्याने पिंजऱ्यात चुकीचं खाद्य पडलं तर लगेच दिसतं. अंगाला चरबी लागून केस चिकट होतात. काळ्या उंदरांना मुळात त्वचेच्या जखमांची खोड असते, तेव्हा मान आणि पाठ दर आठवड्याला बघायची.

साठवण उणे २० अंशांवर, हवाबंद पिशव्यांत, एका वेळी लागेल तेवढ्याच पिशव्या करून. पिंजऱ्यातलं खाद्य आठवड्यातून दोनदा बदलावं. उरलेल्यावर नवं टाकत राहू नये. खवट वास यायला लागला की उंदीर खाणं कमी करतो आणि वजनाचा आलेख अचानक सपाट होतो. सगळ्या पिंजऱ्यांत एकाच आठवड्यात सपाट झाला तर जनुकाआधी खाद्याकडे बघा. ऑटोक्लेव्ह करू नका, गोळ्या वितळतात आणि साखर-प्रथिनं करपतात. निर्जंतुक हवं असेल तर गॅमा किरणांनी प्रक्रिया केलेलं मागवा, आणि कंट्रोलही तसंच मागवा, कारण किरणांनी काही जीवनसत्त्वं घटतात आणि चरबीत पेरॉक्साइड वाढतात. एका गटाला प्रक्रिया केलेलं, दुसऱ्याला न केलेलं, असं झालं तर तो आणखी एक फरक घुसला. लार्डची मेदाम्लं डुकराने काय खाल्लं त्यावर थोडी हलतात, त्यामुळे पूर्ण प्रयोग एकाच लॉटमध्ये बसवणं श्रेयस्कर.

मोजमापांत एक चूक वारंवार होते. ग्लुकोजची मात्रा शरीराच्या वजनावर द्यायची रीत आहे, २ ग्रॅम प्रतिकिलो. ५० ग्रॅमच्या लठ्ठ उंदराला १०० मिलिग्रॅम जातं, ३० ग्रॅमच्याला ६०. पण जास्तीचं वजन बहुतांश मेदाचं, आणि ग्लुकोज प्रामुख्याने स्नायू उचलतात. लठ्ठ उंदराच्या स्नायूंवर दीडपटीहून जास्त भार टाकून मग तो ‘असहिष्णू’ ठरवणं अन्यायाचं आहे. शरीररचना मोजायची सोय असेल तर मात्रा मेदविरहित वजनावर द्या. नसेल तर सगळ्यांना सारखी ठोक मात्रा द्या आणि तसं लिहा. सकाळी खाद्य काढून सहा तासांचा उपास पुरेसा आहे. रात्रभर उपाशी ठेवलेला उंदीर यकृतातलं ग्लायकोजेन संपवून वेगळ्याच अवस्थेत जातो. ग्लुकोमीटरची वरची मर्यादा बहुधा ६०० मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर असते, फार लठ्ठ वंशात ती ओलांडली जाते. तिथे १ ग्रॅम प्रतिकिलोवर या. ऊर्जेचा खर्च शरीराच्या वजनाने भागू नका. जाड उंदराचा खर्च त्याने खोटाच कमी दिसतो. वजन सहचल धरून सहप्रसरण विश्लेषण (अॅन्कोव्हा) करा. २०१२ पासून हा स्पष्ट संकेत आहे. आणि जनुक व आहार यांची आंतरक्रिया थेट तपासा. एका आहारावर फरक ‘लक्षणीय’ आणि दुसऱ्यावर ‘नाही’ एवढ्यावरून आंतरक्रिया सिद्ध होत नाही.

हे खाद्य काय देत नाही, तेही सांगायला हवं. ६जे मध्ये यकृत मेदाळ होतं, पण तंतुमयता (यकृतात व्रणासारखे तंतू साचणं) फारशी येत नाही. त्यासाठी फ्रुक्टोज आणि कोलेस्टेरॉल घातलेली किंवा कोलीन काढलेली वेगळी खाद्यं आहेत. धमनीकाठिण्य येत नाही. त्याला एलडीएलआर किंवा एपीओई (रक्तातलं कोलेस्टेरॉल हाताळणारी जनुकं) नॉकआउट हवा आणि दुधाची चरबी व कोलेस्टेरॉल असलेलं खाद्य, जसं टेकलॅड या खाद्य बनवणाऱ्यांचं टीडी.८८१३७. उघड मधुमेहही येत नाही. काळ्या उंदराच्या बीटा पेशी इन्सुलिन वाढवून बराच काळ सावरून धरतात. आणि ६० टक्के चरबी हा माणसाच्या ताटातला आकडा नाही. जनुकाचा सौम्य परिणाम शोधत असाल तर ४५ टक्क्यांचं डी१२४५१ आणि त्याच्या जोडीला एच अधिक योग्य. ६० टक्क्यांच्या रेट्यात बारीक फरक बुजून जातात.

पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांनी आयातीचा वेळ हिशेबात धरावा. लार्ड आणि केसिन असल्याने कागदपत्रं जास्त लागतात, आणि माल वाटेत थंड राहील याची हमी पुरवठादाराकडून आधीच घ्यावी. प्राणी नीतिसमितीच्या अर्जात खाद्याचा पूर्ण क्रमांक अक्षरासकट लिहावा. किती मागवायचं? डी१२४९२ वरचा उंदीर दिवसाला साधारण ३ ग्रॅम खातो, म्हणजे १५.७ किलोकॅलरी. तेवढ्याच उष्मांकांसाठी जे वरच्याला ४.१ ग्रॅम लागतात. प्रत्येक गटात २० उंदीर, १२ आठवडे: डी१२४९२ चे ५ किलो, जे चे ७ किलोच्या थोडं खाली. सांडलवंडीसाठी चौथा हिस्सा वर धरा. कंट्रोल कमी मागवण्याची चूक इथेच होते. मग शेवटचे दोन आठवडे जे संपतं, दुसरा लॉट येईपर्यंत चाऊ घातलं जातं आणि शेवटच्या मोजमापाच्या तोंडावर तुलना बिघडते. जे जास्तच मागवा, आणि दोन्ही पाकिटांवरचा लॉट क्रमांक व उत्पादनाची तारीख पिंजऱ्याच्या नोंदवहीत पहिल्याच दिवशी उतरवा.